चढताना दम लागतो, मग दुखते ते उतरल्यामुळे कसे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या सिडकोत राहणारे, पंचेचाळिशी ओलांडलेले एक शिक्षक रविवारी सहकाऱ्यांबरोबर अंजनेरीच्या डोंगरावर जाऊन आले. चढताना त्यांना चांगलाच दम लागला, उतरताना मात्र काहीच जाणवले नाही. सोमवारी मांड्या जड वाटू लागल्या आणि मंगळवारी घराचा जिना उतरताना कठडा धरून, एकेक पाऊल आडवे टाकत खाली यावे लागले. तोच जिना चढताना फारसे दुखत नाही, याचे त्यांना अधिक नवल वाटते. जिमला जाणारा शेजारी सांगतो की मांड्यांत लॅक्टिक ॲसिड साचले आहे. त्यांच्या अकरावीतल्या मुलीची शंका वेगळीच आहे: स्नायू आकुंचन पावला की हालचाल होते असे पुस्तकात दिले आहे, पण उतरताना शरीर वजनाने आपोआप खाली येते, मग तेव्हा आकुंचन कोणाचे होते आणि कशासाठी? पुढच्या महिन्यात साल्हेर किल्ल्याचा बेत ठरला आहे, तिथे जावे की नाही, हेही त्यांनी विचारले आहे.

नाशिकमध्ये फिजिओथेरपीचे काम करणाऱ्या कोणालाही ही तक्रार ओळखीची आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी झाली की त्या आठवड्यात नेमक्या अशाच चालीने माणसे माझ्याकडे येतात. तरीही आपल्या मुलीने विचारलेला प्रश्न फार थोडे लोक विचारतात, आणि बाकी सगळ्या प्रश्नांची उत्तरे त्याच्याच पोटात आहेत, म्हणून सुरुवात तिथून करतो.

आपल्या शरीरात हाडांना जोडलेले सहाशेहून अधिक स्नायू आहेत, आणि प्रौढ पुरुषाच्या वजनाचा साधारण ४० टक्के भाग त्यांचा असतो; स्त्रियांमध्ये हे प्रमाण थोडे कमी असते. हृदयाचा स्नायू आणि आतडी, रक्तवाहिन्या यांच्या भिंतींतले स्नायू वेगळ्या जातीचे आहेत, ते आपल्या इच्छेने चालत नाहीत आणि त्यांचा इथे संबंध नाही. हाडांना जोडलेला स्नायू एका हाडापासून निघतो, एखादा किंवा दोन सांधे ओलांडतो आणि कंडरेच्या, म्हणजे टेंडनच्या, साहाय्याने पलीकडच्या हाडाला घट्ट बसतो. त्याला एकच गोष्ट करता येते, ती म्हणजे आपली दोन टोके एकमेकांकडे ओढणे. स्नायूला ढकलता येत नाही. आपण दार ढकलतो तेव्हासुद्धा दंडाच्या मागचा ट्रायसेप्स कोपराच्या मागच्या टोकाला ओढत असतो, त्यामुळे हात सरळ होतो आणि तळहाताचा रेटा दारावर पडतो. म्हणूनच प्रत्येक सांध्याभोवती स्नायू विरुद्ध बाजूंना मांडलेले असतात: एक वाकवतो, दुसरा सरळ करतो. एकाला काम करण्याचा संदेश मिळाला की विरुद्ध स्नायूला सैल राहण्याचा संदेश मज्जारज्जूतूनच दिला जातो. ही व्यवस्था ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी उलगडून दाखवली. चेतासंस्थेवरील कामासाठी त्यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

ही ओढ निर्माण कशी होते, हे पाहण्यासाठी स्नायूच्या आत जावे लागते. स्नायू हा केसाइतक्या किंवा त्याहून बारीक तंतूंचा जुडगा असतो. प्रत्येक तंतूत शेकडो ते हजारो सूक्ष्म धागे असतात, आणि प्रत्येक धागा सारकोमिअर नावाच्या, सुमारे दोन ते अडीच मायक्रोमीटर लांबीच्या, एकापुढे एक जोडलेल्या खणांचा बनलेला असतो. खणाच्या मध्यभागी मायोसिन या प्रथिनाचे जाड तंतू असतात आणि दोन्ही टोकांकडून ॲक्टिन या प्रथिनाचे पातळ तंतू त्यांच्यामध्ये शिरलेले असतात. स्नायू आखूड होतो तेव्हा यांपैकी कोणताही तंतू आखडत नाही. मायोसिनची बारीक डोकी ॲक्टिनला धरतात, वाकतात, काही नॅनोमीटर ओढतात, सोडतात आणि पुढे पुन्हा धरतात. त्यामुळे पातळ तंतू जाड तंतूंवरून आत सरकतात आणि प्रत्येक खणाची लांबी थोडी कमी होते. हा सरकण्याचा सिद्धांत १९५४ मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन स्वतंत्र जोड्यांनी मांडला. अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगेर्के ही एक जोडी, आणि ह्यू हक्सली व जीन हॅन्सन ही दुसरी. दोन्ही हक्सलींचे आपसात नाते नव्हते, पण परीक्षेच्या उत्तरपत्रिकांमध्ये त्यांना अजूनही भाऊ करून टाकले जाते.

मायोसिनच्या डोक्याला ऊर्जा लागते ती एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूकडून मिळते, पण ती कुठे खर्च होते हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. एटीपीचा रेणू येऊन बसल्याशिवाय डोक्याची पकड सुटतच नाही. मृत्यूनंतर काही तासांनी शरीर ताठ होते याचे कारण हेच: एटीपी संपलेले असते आणि धरलेली डोकी तशीच अडकून राहतात. स्नायूत तयार असलेला एटीपीचा साठा जोराच्या कामात दोन-तीन सेकंद पुरेल एवढाच असतो. त्यानंतर क्रिएटिन फॉस्फेट हा स्नायूतला राखीव साठा सुमारे १० सेकंद निभावून नेतो, पुढे ग्लुकोजचे ऑक्सिजनविना विघटन आणि सावकाश, दीर्घकाळ चालणारे ऑक्सिजनच्या साहाय्याने होणारे ज्वलन यांवर काम चालते. अंजनेरीच्या पायऱ्यांवर आपल्याला लागलेला दम हा या शेवटच्या मार्गाने केलेल्या मागणीचा परिणाम होता. खर्च झालेल्या ऊर्जेपैकी साधारण चतुर्थांश किंवा त्याहून कमी भागच प्रत्यक्ष कामात उतरतो, उरलेल्याची उष्णता होते, म्हणून थंडीच्या पहाटे निघालेला माणूसही अर्ध्या चढावर स्वेटर काढतो.

स्नायूला हुकूम येतो तो मज्जारज्जूतल्या चेतापेशीकडून. तिचा तंतू स्नायूपर्यंत पोहोचला की तिथे ॲसिटिलकोलिन हे रसायन सुटते, स्नायुतंतूच्या आवरणावरून विद्युतलहर धावते, आतल्या पिशव्यांतून कॅल्शियम बाहेर पडते आणि ॲक्टिनवरची झाकलेली जागा मायोसिनसाठी मोकळी होते. कॅल्शियम परत पिशव्यांत ओढले गेले की स्नायू सैल पडतो. एक चेतापेशी आणि ती ज्या तंतूंना चालवते ते सगळे तंतू मिळून एक प्रेरक एकक होते. डोळा फिरवणाऱ्या स्नायूंत एका एककात जेमतेम दहा-वीस तंतू असतात, तर पोटरीच्या मोठ्या स्नायूत ही संख्या हजाराच्या पुढे जाते. नजर केसभर हलवता येते आणि पोटरी केसभर हलवता येत नाही, याचे हे कारण आहे. जोर वाढवायचा असेल तर मेंदू आधी लहान, चिवट, सहज न थकणारी एकके कामाला लावतो आणि गरज वाढेल तशी मोठी, ताकदवान पण लवकर थकणारी एकके त्यात घालतो. किती एकके कामाला लागली, हा मुद्दा पुढे मांड्यांच्या दुखण्यात कामाला येणार आहे.

आता मुलीच्या शंकेकडे. पुस्तकातले वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. स्नायू ओढतो हे खरे, मात्र ओढला की तो आखूड होईलच असे नाही. समोरचा भार त्याच्या ओढीपेक्षा कमी असेल तर तो आखूड होतो; भार आणि ओढ सारखी असेल तर लांबी न बदलता तो ताणून धरतो; आणि भार ओढीपेक्षा जास्त असेल तर ओढत असतानाच तो लांब होत जातो. विहिरीत भरलेली घागर हळूहळू खाली सोडताना दोर हातातून पुढे सरकत असतो, तरी मूठ आवळलेलीच असावी लागते आणि सगळे वजन त्या मुठीवर असते. डोंगर उतरताना मांडीचा पुढचा स्नायू हेच करतो.

हे हाताला कळते. खुर्चीपुढे उभे राहा, गुडघ्याच्या वाटीच्या थोडे वर मांडीवर तळहात ठेवा आणि मनात पाच अंक मोजत अतिशय सावकाश बसा. गुडघा वाकत जातो तसा मांडीच्या पुढच्या भागातला क्वाड्रिसेप्स हा चार स्नायूंचा गट लांब होत असतो, कारण त्याची कंडरा वाटीवरून जाऊन नडगीच्या हाडाला जोडलेली आहे. तरीही तळहाताखाली तो दगडासारखा घट्ट लागतो. बैठक खुर्चीला टेकली की त्याच क्षणी तो मऊ पडतो. गुडघा वाकवण्याचे काम मांडीच्या मागच्या स्नायूंनी केलेले नाही, ते गुरुत्वाकर्षणाने केले. पुढच्या स्नायूने फक्त वेग ताब्यात ठेवला. तो नसता तर आपण खुर्चीवर आदळलो असतो. हे माझ्या दवाखान्यात मी जवळजवळ प्रत्येक गुडघेदुखीच्या रुग्णाकडून करून घेतो, आणि गुडघा वाकतो तेव्हा पुढचा स्नायू ढिला पडत असेल असे मानून आलेली माणसे हात काढून पुन्हा ठेवून पाहतात.

उतरताना प्रत्येक पायरीला वर राहिलेला पाय हेच काम करतो. त्याच वेळी पोटरी घोट्याचा वेग सांभाळते आणि कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू कंबर एका बाजूला झुकू देत नाहीत. अंजनेरीच्या माथ्यावरून गावापर्यंत ही क्रिया हजारो वेळा होते.

मग दम का लागत नाही? लांब होत असताना मायोसिनची पुष्कळ डोकी एटीपीची वाट न पाहता भाराच्या जोरानेच उपटली जातात आणि पुन्हा जाऊन चिकटतात, म्हणजे पकड सुटते ती फुकट. शिवाय तेवढाच भार लांब होत पेलण्यासाठी कमी प्रेरक एकके पुरतात, कारण या स्थितीत प्रत्येक तंतू आखूड होतानापेक्षा बराच जास्त ताण धरू शकतो. १९५२ मध्ये ॲबट, बिगलंड आणि रिची या तीन ब्रिटिश संशोधकांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एकाने नेहमीसारखे पॅडल मारायचे आणि दुसऱ्याने उलट फिरणाऱ्या पॅडलना पायांनी विरोध करायचा, अशी ती रचना होती. दोघांच्या पायांवरचा जोर सारखाच, पण विरोध करणाऱ्याला लागणारा ऑक्सिजन पॅडल मारणाऱ्याच्या मानाने कितीतरी कमी भरला. अंजनेरी उतरताना आपण गप्पा मारू शकलात, ते याच हिशेबाने.

स्वस्तात पडलेल्या या कामाची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. एकके कमी लागली, म्हणजे तोच भार थोड्या तंतूंनी वाटून घेतला, आणि तोही लांब होत असताना. सवय नसलेल्या स्नायूत अशा वेळी काही कमकुवत सारकोमिअर मर्यादेपलीकडे ताणले जातात, खणांच्या सीमारेषा विस्कटतात आणि तंतूंच्या आवरणाला बारीक इजा होते. आज सर्वाधिक मानले जाणारे स्पष्टीकरण हे आहे. इजा होते त्या क्षणी ती दुखत नाही, कारण तंतूच्या आत वेदना जाणणारी टोकेच नसतात. पुढच्या काही तासांत दुरुस्तीसाठी पेशी जमू लागतात, थोडी सूज येते, तिथे तयार होणाऱ्या रसायनांमुळे तंतूंभोवतीच्या पडद्यांतली वेदनेची टोके हळवी होतात, आणि म्हणून दुखणे २४ ते ७२ तासांच्या दरम्यान कळसाला पोहोचते. आपला मंगळवार बरोबर त्यातच येतो. ताकद मात्र रविवारी संध्याकाळीच कमी झालेली असते आणि ती पूर्ववत व्हायला दुखणे थांबल्यानंतरही काही दिवस लागू शकतात. जिना चढताना हळवा स्नायू आखूड होत काम करतो. उतरताना तो ताणलाही जातो आणि त्याच वेळी भारही घेतो, म्हणून तिथे कळ येते.

शेजाऱ्यांचे लॅक्टिक ॲसिड या चित्रात कुठेच बसत नाही. जोराच्या श्रमात रक्तात वाढलेले लॅक्टेट, म्हणजे त्या ॲसिडचेच रक्तातले रूप, विश्रांतीनंतर तासाभरात जवळपास मूळ पातळीवर येते. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरून टाकतात. शिवाय ते तयार होते चढताना, आणि दुखणे येते उतरण्यामुळे. साचून राहिलेले ॲसिड हे कारण असते, तर रविवारी रात्री सर्वांत जास्त दुखले असते आणि मंगळवारी आपण शाळेत पळत गेला असता. ही समजूत इतकी घट्ट बसली आहे की व्यायाम शिकवणारेही ती बिनदिक्कत सांगतात.

गुडघ्याबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण मांडीचे दुखणे आणि गुडघ्याचे दुखणे यांची पुष्कळ सरमिसळ होते. आपले बहुतेक स्नायू सांध्याच्या अगदी जवळ जोडलेले असतात. दंडातला बायसेप्स कोपरापासून चार-पाच सेंटिमीटरवर ओढतो आणि हातातले वजन मात्र ३५ सेंटिमीटरच्या आसपास दूर असते. त्यामुळे ५ किलोची पिशवी धरायला स्नायूला ३५-४० किलोंइतकी ओढ लावावी लागते. या रचनेत ताकदीचा तोटा आहे आणि वेगाचा फायदा, कारण स्नायू एक सेंटिमीटर आखडला की हात सात-आठ सेंटिमीटर फिरतो. गुडघ्याची वाटी क्वाड्रिसेप्सची कंडरा सांध्यापासून थोडी पुढे धरून हा तोटा कमी करते, पण त्या बदल्यात तिच्या मागच्या कूर्चेवर, म्हणजे कार्टिलेजवर, दाब येतो. पायऱ्या उतरताना हा दाब शरीराच्या वजनाच्या तिपटीच्या पुढे जाऊ शकतो. म्हणून ज्यांची वाटीच दुखते, त्यांना मी सप्तशृंगी गडाबाबत एक उलटा सल्ला देतो: श्रद्धेने पायऱ्या चढायच्या असतील तर सावकाश चढा, पण खाली येताना ट्रॉलीने या. लोक नेमके याच्या विरुद्ध करतात. आपले दुखणे मांडीच्या मांसल भागात, दोन्ही पायांना सारखे आणि दाबल्यावर वाढणारे आहे, तेव्हा ते वाटीचे नाही.

स्नायू हालचाल न करताही किती राबतो, याचे उदाहरण ऑक्टोबरमध्ये निफाड-दिंडोरीकडून येणाऱ्या द्राक्षछाटणीच्या मजुरांत दिसते. दिवसभर कात्री दाबण्याचे काम बोटे मिटवणारे, हाताच्या आतल्या बाजूचे स्नायू करतात, पण दुखते ते कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर. याचे कारण असे की बोटे मिटवणारे स्नायू मनगटही आत वाकवू पाहतात. मनगट वाकले तर पकड ढिली पडते, म्हणून बाहेरच्या बाजूचे स्नायू प्रत्येक दाबाच्या वेळी मनगट ताणून स्थिर धरतात. कात्री चालवताना त्यांची लांबी फारशी बदलत नाही, पण हजारो वेळा आलेला ताण त्यांच्या कोपरापाशी असलेल्या कंडरेवर जमा होतो. या लोकांना हाताच्या आतल्या बाजूला मलम चोळताना मी नेहमी पाहतो.

आता उपायांविषयी. हे दुखणे साधारण पाच ते सात दिवसांत स्वतःहून जाते. सपाट रस्त्यावर हलके चालावे, पाणी पुरेसे प्यावे, नेहमीसारखे प्रथिनयुक्त जेवावे. गरम पाण्याचा शेक किंवा हलके चोळणे यांनी बरे वाटते, त्याने दुरुस्ती फारशी लवकर होत नाही, तरी बरे वाटणे हेही काही कमी नाही. जोराने ताण देऊन स्नायू 'मोकळा' करण्याचा प्रयत्न करू नये. वेदनाशामक गोळ्या सवयीने घेऊ नयेत, विशेषतः शरीरातले पाणी कमी झालेले असताना, कारण त्यांचा भार मूत्रपिंडावर पडतो.

मात्र लघवी चहासारखी किंवा कोलासारखी गडद झाली, मांड्या सुजून टणक झाल्या, किंवा पाय उचलताच येईना, तर घरी थांबू नये. स्नायुतंतू मोठ्या प्रमाणावर फुटून त्यातले मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडात अडकण्याचा धोका असतो आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम आणि लाल झाली, तर ते श्रमाचे दुखणे समजू नये, कारण शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनची गोळी चालू असलेल्यांनी नेहमीपेक्षा जास्त दुखत असेल तर आपल्या डॉक्टरांना सांगावे. गोळी मनाने बंद करू नये.

साल्हेरला जरूर जावे. १५६७ मीटर उंचीचा तो किल्ला अंजनेरीपेक्षा दमवणारा आहे आणि उतरणही लांब आहे, पण अंजनेरीने आपले निम्मे काम करून ठेवले आहे: एकदा असे दुखून बरा झालेला स्नायू पुढचे काही आठवडे तशाच श्रमाने फार कमी दुखतो. हे संरक्षण उतरण्यानेच मिळते, सायकल चालवण्याने किंवा सपाट चालण्याने जवळजवळ मिळत नाही. दुखणे पूर्ण थांबले की आठवड्यातून दोनदा पांडवलेणीच्या पायऱ्या सावकाश उतराव्यात, पहिल्या वेळी एकदाच आणि पुढे आपल्याला झेपेल तसे दोन-तीनदा. पाऊल आपटत, उड्या मारत उतरू नये; गुडघा किंचित वाकलेला ठेवून प्रत्येक पायरीवर वेग आपल्या ताब्यात असावा. प्रत्यक्ष डोंगरावर दोन काठ्या वापरल्या तर मांड्यांवरचा थोडा भार हातांकडे जातो. आणि शेवटचा सराव साल्हेरच्या किमान पाच दिवस आधी संपवावा, म्हणजे थोडे दुखलेच तरी निघायच्या आधी ते ओसरलेले असेल.